यंदाची जिवती

८ जुलै २०२४, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कोणालाही दाखवायची नाही. बायकोला, म्हणजे चारुलतेलाही नाही. वही गादीखाली ठेवायची. (गादीखाली चारुलता दर रविवारी झाडते. दुसरी जागा बघणे.)

निश्चय. यापुढे आईला एकही चित्र दाखवायचं नाही.

कारण लिहून ठेवतो, नाही तर माझं मन पाघळेल. काल 'संध्याकाळचा राजवाडा' पुरा झाला. सव्वीस दिवस लागले. आईच्या पलंगासमोर खुर्चीवर उभा करून ठेवला. आईने बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आज होणार. मग म्हणाली की गॅसची शेगडी चांगली आली आहे, पण चौथा बर्नर राहिला.

आई एक्क्याण्णव, मी एकाहत्तर. हे काही कौतुक मागायचं वय नाही, एवढं मला समजतं. मी मागतच नाही. एक शब्द पुरे. 'छान' म्हणायला दम लागत नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत, त्यामुळे दिसलं नाही असंही म्हणता येत नाही. ऑपरेशनला मीच घेऊन गेलो होतो. तेव्हा एवढा पुढचा विचार केला नाही.

नाडी ८४.

९ जुलै, मंगळवार
आईला 'पातालपाणीचा धबधबा' दाखवला. चित्र मागच्या वर्षीचं आहे, म्हणजे निश्चय मोडला असं होत नाही.

म्हणाली, टॉवेल वाळत घातलाय.

नाडी ९२. दुपारी झोपलो नाही. म्हणजे पडलो होतो, पण झोप नव्हती. चारुलता म्हणते घोरत होतो.

११ जुलै, गुरुवार
आज स्वयंपाकघरात कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर 'सरोवरातील हंस' सापडला. पालथा. चारुलतेला विचारलं. ती म्हणाली की आईंनी काहीतरी सपाट आणि जड मागितलं होतं. 'माळव्यातील सूर्योदय' दोन उन्हाळे कूलरच्या मागच्या फटीत आहे. तिथून आता चिमण्या येत नाहीत, हे आई येईल त्याला सांगते. म्हणजे चित्राचा उपयोग मान्य आहे. कला मान्य नाही.

हे आजचं नाही. १९६८ साली आम्ही इथेच इंदुरात, स्नेहलतागंजात राहायचो, वडील रेल्वेत क्लर्क. मी पंधरा वर्षांचा. एक घोडा काढला होता, पूर्ण कागदभर. सकाळी उठून बघतो तर आईने त्या घोड्यावर शेगडी पेटवली होती. तिथून माझं आयुष्य फिरलं. मॅट्रिकला दोनदा बसलो, दोनदा राहिलो, मिलच्या टाइम ऑफिसात लागलो. सगळं त्या घोड्यामुळे. संध्याकाळी आईकडे विषय काढला. तिला घोडा आठवत होता. म्हणाली, लगेच पेटला.

१४ जुलै, रविवार. दुपारी ४
मोठी गोष्ट घडली. सविस्तर लिहितो.

अरुंधतीचा पुण्याहून फोन आला. दर वर्षी तीच जिवतीचा कागद कुरिअरने पाठवते, कारण इथे मिळतो तो आईला चालत नाही. श्रावण लागला की हा कागद देवघराशेजारी भिंतीवर लागतो. मध्ये मांडीवर मुलं घेतलेली देवी, वर खांबातून निघालेला नरसिंह आणि कालियाच्या डोक्यावर कृष्ण, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. श्रावणातल्या प्रत्येक शुक्रवारी आई जिवतीची पूजा करून मुलांसाठी आयुष्य मागते. मग मला पाटावर बसवून पुरणाच्या दिव्यांनी ओवाळते. सवाष्णींना हळद-कुंकू चारुलता देते, पण मला ओवाळायचं काम आईने अजून कोणाला दिलेलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी पाटावर बसलं की उठताना दोघांना धरून उठावं लागतं. तरी बसतो.

अरुंधतीने विचारलं, बाबा, कागद पाठवू ना. आणि माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. मी म्हणालो, नको, मी व्यवस्था केली आहे.

व्यवस्था अशी. यंदाची जिवती मी काढणार. अगदी छापील वाटेल अशी. अरुंधतीच्या पाकिटात घालून आईच्या हातात देणार. आई चार शुक्रवार माझ्या चित्राला हळद-कुंकू वाहणार, हात जोडणार, आणि चार शुक्रवारांत एकदा तरी तिच्या तोंडून 'छान' जाणार. शेवटच्या शुक्रवारी सवाष्णींसमोर मी उठून सांगणार की हे छापील नाही. तेव्हा शब्द मागे घेता येणार नाही. साक्षीदार पाच.

नाडी ७६. कधी नव्हती एवढी चांगली.

१५ जुलै, सोमवार
गच्चीवरच्या खोलीत सामान नेलं. घरात सांगितलं की पाण्याची टाकी बघायला जातो. रोज सकाळी तीन तास. कोणाला काही संशय नाही. आईने फक्त विचारलं की टाकीत मासे पाळलेत का.

आज कागद नुसता टेबलावर अंथरून पाहिला. घाई करायची नाही.

२२ जुलै, सोमवार. सकाळी ६.३०
घोटाळा. शेजारच्या देवळात पहाटेपासून भोंगा. श्रावण लागला. माझा कागद कोरा. घाम. नाडी ९८. चारुलतेला म्हणालो, मला दवाखान्यात ने. तिने शांतपणे सांगितलं की हा इथल्या लोकांचा सावन, आपला पाच ऑगस्टला लागतो. सगळा जन्म इंदूरला काढून दर वर्षी एकदा तुम्ही असेच घाबरता, असंही म्हणाली. हे खोटं आहे. गेल्या वर्षी मी घाबरलो नव्हतो. गेल्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळे मला काहीच कळलं नव्हतं.

म्हणजे पंधरा दिवस फुकट मिळाले. उद्या झपाट्याने सुरुवात.

२६ जुलै, शुक्रवार
आज झपाट्याने सुरुवात.

अरुंधतीने मागच्या वर्षीच्या कागदाचा फोटो मोबाइलवर पाठवला. फोटोत बृहस्पतीपुढे तिची मांजर उभी आहे, त्यामुळे वाघ नीट दिसत नाही. वाघ मनाने काढावा लागेल. खरा कलाकार मनानेच काढतो.

२९ जुलै, सोमवार
वाघ झाला. पट्टे चांगले आले आहेत. पाय जरा कमी जागेत बसवावे लागले, त्यामुळे बसलेला वाटतो. शेपूट वर गेली. चेहऱ्यावर थोडा भाव आला आहे, आमच्या गल्लीतल्या काळ्यासारखा. पण वाघ काय नि कुत्रा काय, मूळ तोंड एकच.

माझा हात थोडा कापतो. ती माझी शैली आहे. नरसिंहाच्या आयाळीला तिचा फार उपयोग झाला. कृष्णाच्या नाकाला झाला नाही.

शेजारच्या नीरजला वर बोलावून दाखवलं. नीरजचं राजेंद्र नगरात फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळे त्याला नजर आहे. तो म्हणाला, काका, लोड नका घेऊ, स्कॅन करून फ्लेक्स काढून देतो, खाली शुभेच्छुक म्हणून तुमचा फोटोही टाकू. मी नकार दिला. पण फोटोवरून एक कल्पना सुचली.

३० जुलै, मंगळवार
मोठे चित्रकार गर्दीत कुठेतरी स्वतःचा चेहरा घालतात, असं मी कुठेतरी वाचलं आहे. किंवा टीव्हीवर पाहिलं. देवीच्या मांडीवरच्या बाळाला माझा चेहरा दिला.

लहानपणीचा फोटो शोधला, मिळाला नाही. मग आरशात बघून आत्ताचाच काढला. बाळांनाही केस नसतात, त्यामुळे फरक पडत नाही. चष्मा काढून टाकला. मिशा ठेवाव्या की नाही यात अख्खी सकाळ गेली. शेवटी नुसती सावली ठेवली.

हे कोणाच्या लक्षात येणार नाही. फक्त मला माहीत असेल. आई माझ्यासाठी देवीकडे आयुष्य मागते आणि मी तिथेच मांडीवर बसून ऐकतो. हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. व्हार्निशचा डबा उघडून पाहिला होता, त्यामुळे असेल.

१ ऑगस्ट, गुरुवार
पावसाळी हवा. रंगाला बुरशी लागली तर? भिंत दमट असली तर? चारुलतेने ओला हात लावला तर? अ‍ॅक्रिलिकवर पाणी चढत नाही, तरी वरून व्हार्निशचे दोन हात दिले. मग शंका आली, म्हणून तिसरा. वॉटरप्रूफ आहे, डब्यावर लिहिलं आहे.

छापील वाटावं म्हणून खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पुणे' असं लिहिलं. ही युक्ती माझी एकट्याची.

चारुलतेला पत्ता नाही. तिने एवढंच विचारलं की बेसिन निळं का झालं.

४ ऑगस्ट, रविवार. दिव्यांची अमावास्या
अरुंधतीचं दिवाळीचं जुनं पाकीट सापडलं. त्यावर कुरिअरची नोव्हेंबरची तारीख होती. तारखेवर चहा सांडला. मुद्दाम. हे असं सुचायला डोकं लागतं. मॅट्रिकच्या परीक्षेत असले प्रश्न विचारत नाहीत.

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९
फाटकाबाहेर गेलो, परत आलो, मोठ्याने म्हणालो, कुरिअर आलं.

आईने पाकीट हातात घेतलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. चहाच्या डागाचा वास घेतला. आत हात घालून कागद काढला आणि खिडकीपाशी धरला. मी श्वास रोखला होता, डॉक्टरांनी रोखायचा नाही म्हटलंय तरी.

आई म्हणाली, "यंदा छपाई बिघडलेली दिसतेय."

मी म्हणालो, बरी आहे की. ती म्हणाली, तुला काय कळतं छपाईतलं.

पण भिंतीवर लावून घेतला. देवघराच्या उजवीकडे, दर वर्षीच्या जागी. माझं चित्र आईच्या सांगण्यावरून भिंतीवर लागलं, हे पहिल्यांदा. याआधीची आडोशाला किंवा झाकणाला गेली होती.

९ ऑगस्ट, शुक्रवार
पहिला शुक्रवार. नागपंचमीही आजच. आईने पूजा केली. फुलं वाहिली, अक्षता टाकल्या, फुटाण्यांचा नैवेद्य दाखवला. मी बाजूला उभा होतो, सहज उभा आहे असं दाखवत.

पूजेत मध्येच थांबली. बोट बृहस्पतीवर ठेवून चारुलतेला म्हणाली की गुरुमहाराज यंदा कुत्र्यावर आलेत, महागाई असेल. चारुलता ताट पुसत होती. तिने मान वर केली नाही. खांदे हलत होते. खोकला असावा.

मला ओवाळलं. कपाळाला कुंकू लावताना आईने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे. मग अक्षता टाकल्या. म्हणजे लक्षात आलं नाही.

'छान' नाही. पण तीन शुक्रवार बाकी आहेत.

१२ ऑगस्ट, सोमवार
वाईट दिवस. आईने वही-पेन घेऊन बोलावलं. म्हणाली, पुण्याच्या छापखान्याला पत्र लिहायचं आहे, तक्रारीचं. मी म्हणालो, कशाला, वर्षाचा सण. ती म्हणाली, आज गप्प बसलो तर पुढल्या वर्षी हत्तीच्या जागी डुक्कर छापतील.

तिने सांगितलं, मी लिहिलं. वाघाला पाय किती ते मोजून पाहावे. कृष्णाचं नाक पडलं आहे. नरसिंह रागावलेला वाटत नाही, नुकताच न्हाऊन आलेला वाटतो. मांडीवरच्या मुलाला पोटाचा विकार असावा, एवढ्या लहान वयात असा चिंतेचा चेहरा बरा नाही. हे सगळं मी माझ्या हाताने माझ्याच चित्राविरुद्ध लिहिलं, दीड पान. मध्ये एकदा 'काढणाऱ्याने मेहनत घेतलेली दिसते' असं घालावं का विचारलं. म्हणाली, घाल, त्याच्या घरच्यांना बरं वाटेल.

शेवटी म्हणाली की खाली माझं नाव घाल आणि सही तूच कर, तुझा हात कापतो, म्हातारीची वाटेल.

पत्र टाकायला म्हणून निघालो आणि पोहे-जिलबी खाऊन परत आलो. डॉक्टरांनी मना केलंय. पण आजचा दिवस अपवाद.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
दुसरा शुक्रवार. 'छान' नाही. पत्राचं उत्तर आलं का, हे तीनदा विचारलं.

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा
उत्तर आलं. (मी लिहिलं. डाव्या हाताने.) आईला वाचून दाखवलं. छापखान्याचे मालक लिहितात की सदर जिवती ही साधी छपाई नसून एका ज्येष्ठ व अनुभवी कलावंताने घडवलेली विशेष आवृत्ती आहे, अशा मोजक्याच प्रती निघाल्या, भाग्यवान घरांनाच मिळाल्या. नवीन शैलीत वाघाचे पाय सूचित केलेले असतात. वगैरे. वाचताना माझाच आवाज भरून आला.

आईने शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं. म्हणाली की हा मनुष्य तुझ्यासारखाच आहे, मुद्द्यावर यायला दोन पानं लागतात. मग विचारलं, ह्या कलावंताला आई आहे का.

मी म्हणालो, पत्रात लिहिलेलं नाही.

म्हणाली, असेल तर बिचारी.

२३ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ६
यश. यशोधराबाई हळद-कुंकवाला आल्या होत्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या, शहराबाहेरच्या राऊहून रिक्षाने येतात, म्हणजे शिकलेल्या बाई. जिवतीसमोर वाकल्या, थांबल्या, चष्मा लावला. म्हणाल्या की हे हाताने काढल्यासारखं वाटतंय, आजकाल असं बघायला मिळत नाही.

मी दारामागे होतो. नाडी मोजायचं राहून गेलं.

आई म्हणाली, हो ना, आजकाल लोक असं दाखवत नाहीत.

यशोधराबाईंचं वाक्य इथे नोंदवून ठेवतो. आईच्या वाक्याचाही चांगला अर्थ निघू शकतो. दोन-तीन प्रकारे लावून पाहिला.

२८ ऑगस्ट, बुधवार
परवाच्या तयारीला लागलो. भाषण लिहिलं. पावणेचार पानं. घोड्यापासून सुरुवात आहे. 'आज त्या घोड्याची राख बोलते आहे' असं एक वाक्य आहे, ते वाचताना माझा मलाच काटा येतो. नीरजला फोटो काढायला बोलावलं. नवीन झब्बा इस्त्रीला टाकला.

आतापर्यंत 'छान' आलेलं नाही, हे खरं. पण मूर्तिकारालाही प्राणप्रतिष्ठेपर्यंत कोणी विचारत नाही. परवा एकदम येईल, साठलेलं.

चारुलतेला आगाऊ कल्पना दिली, धक्का बसू नये म्हणून. ती म्हणाली, मला पंधरा जुलैपासून माहीत आहे, आणि परवा मला चाळीस पुरणपोळ्या करायच्या आहेत, मला ह्यात घेऊ नका.

पंधरा जुलैला तर कागद कोरा होता. बायका काहीही बोलतात.

३० ऑगस्ट, शुक्रवार. रात्री ८
शेवटचा शुक्रवार.

जसं झालं तसं लिहितो. सवाष्णी पाच आल्या, यशोधराबाई धरून. नीरज मोबाइल घेऊन कोपऱ्यात. आईची पूजा झाली, ती खुर्चीवर बसून पुरणाच्या दिव्यांत वाती लावत होती. मी घसा साफ केला, भाषण उघडलं. चष्मा गच्चीवर राहिला होता. अक्षरं दिसेनात. घोडा सोडून दिला आणि एकदम शेवटचं वाक्य बोललो की ही जिवती छापील नाही, ही मी काढली आहे.

नीरजने फोटो काढला, फ्लॅश पडला.

आई वात सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे. छापखान्यात टकलं बाळ छापत नाहीत. बस पाटावर."

बायका हसल्या. पाचही. यशोधराबाई सर्वांत जास्त. कौतुकाने हसल्या असाव्यात, कारण एक-दोघींनी मोबाइलवर बाळाचे फोटोही काढले.

मी पाटावर बसलो नाही. म्हणजे लगेच बसलो नाही. सगळ्यांसमोर विचारलं, आई, मग पत्र का लिहायला लावलंस. ती म्हणाली की तू रोज तीन तास टाकीवर जात होतास, मी दिवसभर पलंगावर, मला काही करमणूक नको का. मग मी विचारलं. भाषणात नव्हतं, पण विचारलं. मी म्हणालो, चित्र कसं आहे ते सांग. एकदा सांग.

आई उठली. चारुलतेने एका हाताला धरलं होतं, दुसऱ्या हातात ताट. ताट हलत होतं, दिवे हलत होते. माझ्या हातासारखाच आईचा हात कापतो, हे इतकी वर्षं कसं दिसलं नाही कोण जाणे. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "मांडीवर कोण बसलाय ते देवीला ओळखू आलं म्हणजे झालं. बाकी कुत्रंबित्रं राहू दे."

मग उठताना मला दोन सवाष्णींनी धरलं.

पुरणपोळ्या तीन खाल्ल्या. चित्रावर आईने मत दिलेलं नाही, ही गोष्ट नोंद करण्यासारखी आहे. बाळावर दिलं, वाघावर दिलं, पण चित्रावर नाही. चित्र म्हणून सगळं एकदम बघायचं असतं. ते तिने अजून केलं नाही.

नीरजने फोटो पाठवला. माझं तोंड उघडं आहे आणि मागे आई हसते आहे. आईचा हसणारा फोटो घरात दुसरा नाही. मोठा करून घ्यावा काय. नको, माझं तोंड फार उघडं आहे.

२ सप्टेंबर, सोमवार. पिठोरी अमावास्या
संध्याकाळी पिठोरी. आई खीर-पुरीचं वाण डोक्याशी धरून पाठमोरी बसते आणि विचारते, "अतीत कोण?" मागे बसून मुलाने आपलं नाव सांगायचं आणि वाण घ्यायचं. दर वर्षीची रीत आहे. मी ठरवलं होतं, यंदा 'चित्रकार दिवाकर' असं सांगायचं, मोठ्याने.

आईने विचारलं. मी म्हणालो, मी.

तिने परत विचारलं. तिला ऐकू आलं नव्हतं की मुद्दाम, माहीत नाही. मी म्हणालो, मी आहे, दिवाकर.

खीर चांगली होती. वेलदोडा जास्त.

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११.४०
श्रावण संपला. सकाळी आई म्हणाली, जिवती शिळवायची. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. श्रावण संपला की कागद पाण्यात सोडायचा, भिजून लगदा झाला की पाणी तुळशीला. दर वर्षी हे काम मीच करतो. पन्नास दिवसांत मला एकदाही आठवलं नाही की मी काढतोय ते बुडवायला काढतोय.

आईला म्हणालो, राहू दे, फ्रेम करू. ती म्हणाली, देवाचं काम अर्धं सोडत नाहीत.

अंगणात मोठी बादली भरली. आई खुर्चीवर, हातात काठी. मी हात जोडले, कागद पाण्यावर ठेवला आणि तोंड फिरवलं. पाच मिनिटांनी वळून पाहिलं. जिवती तरंगत होती. देवी, हत्ती, मी, सगळे कोरडे, आकाशाकडे बघत.

आईने काठीने नरसिंहाला दाबलं. तो खाली गेला, बृहस्पती वर आला. बृहस्पतीला दाबलं, कृष्ण वर. मी दोन्ही हातांनी धरून पाण्याखाली ठेवला, शंभरपर्यंत मोजलं. बाहेर काढला तर पाणी ओघळून गेलं आणि बाळाचं टक्कल नव्यासारखं चमकलं. चारुलता दारातून बघत होती. व्हार्निशचे किती हात दिले विचारलं. तीन, मी म्हणालो.

वीस मिनिटं हे चाललं. शेवटी आई थकली. काठी खाली ठेवली. कागद मागून घेतला, मांडीवर ठेवला, पदराने पुसला. बोटाने देवीच्या लुगड्यावर घासून पाहिलं. मग हत्तीवर. मग बाळावर जरा जास्त.

"रंग पक्का आहे," आई म्हणाली.

मग म्हणाली, वाळव आणि कपाटात ठेव, पुढल्या वर्षी हाच लावू, तू नवीन काढत बसू नकोस.

वेळ ११.२५. साक्षीदार चारुलता. शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. 'छान' नाही, पण 'पक्का' हा त्याच्यापेक्षा टिकाऊ शब्द आहे. शिवाय चित्र दर वर्षी लागणार, म्हणजे ते कायमच्या संग्रहात गेलं. पुढल्या वर्षी आई ब्याण्णव. ती हे अगदी सहज बोलली, जसं काही पुढलं वर्ष बरणीत भरून ठेवलंय. ठेवलंही असेल. मी बहात्तर होईन. मला मात्र डॉक्टरांना विचारावं लागेल.

कागद गच्चीवर दोरीला दोन चिमटे लावून टांगला. शेजारी चारुलतेचा पांढरा टॉवेल वाळत होता. जिन्यात येऊन सहज वळून पाहिलं.

लांबून टॉवेल हुबेहूब माझ्या पातालपाण्यासारखा दिसतो.

हे आईला सांगायचं नाही.